सांडपाण्यासकट मलनाड

मोटारहोम म्हणजे पैसेवाल्यांनी आपलं न्हाणीघर दुसऱ्याच्या गावात नेऊन रिकामं करण्याची सोय, असं माझं मत होतं. ते मी घरी जेवताना, मोठ्या आवाजात, पुष्कळदा मांडलंही होतं. तरी उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरात, बेळ्ळंदूरला आमच्या इमारतीखाली एक पांढरं, फुगीर वाहन येऊन थांबलं आणि त्याच्या दाराशी माझे वडील, अप्पा, नवरदेवासारखे उभे राहिले. नवा शर्ट, केसांना तेल, हातात नारळ.

ज्यांनी अशा गाडीतून प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गाडी कशी असते ते चार ओळींत सांगून होतं: पुढे ड्रायव्हर, मागे पलंग, मध्ये ओटा, सिंक, एक कपाटाएवढं न्हाणीघर आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना. कठीण आहे ते आम्ही का गेलो हे सांगणं.

आमच्या माणसांना बेंगळुरात किती पिढ्या झाल्या हे कुणालाच नीट माहीत नाही. घरात मराठी बोलतो, पण पुण्याच्या नातेवाइकांना ती अर्धी कन्नड वाटते. भावाला मी अण्णा म्हणते, मला सगळे पुट्टी म्हणतात, म्हणजे छोटी. मी छोटी राहिलेले नाही, बेळ्ळंदूरचं तळं वाचावं म्हणून पत्रकं लिहिते, पोलिसांशी हुज्जत घालते, तरी पुट्टीच. अप्पांचं चिकपेटेत अस्तर, बटणं आणि लेसचं दुकान आहे. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते त्या गल्ल्यावर बसले. आता दुकान काकांकडे सोपवायचं, अशीच एखादी जुनी गाडी घ्यायची आणि वर्षभर आईला घेऊन हिंडायचं, असं त्यांच्या मनात आलं. कुठून आलं देव जाणे. पण अट त्यांनीच घातली होती, आईच्या तोंडून हो आलं तरच.

आई म्हणाली, "आधी त्यात राहून बघते. मग सांगते."

म्हणून ही भाड्याची गाडी. आई काय म्हणेल यावर अप्पांचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. आणि मला तर आईनं नाहीच म्हणायला हवं होतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. या शहराची तळी मरताहेत, नाले बुजताहेत आणि ज्यांना जमतं ते काच वर करून डोंगरात पळताहेत. माझे वडील त्यातले नकोत.

"बस गाडीत," अण्णा म्हणाला. अण्णा व्हाइटफील्डला संगणकासमोर बसून पाठ दुखवून घेतो आणि सुट्टीत गाडी चालवून तीच पाठ पुन्हा दुखवतो. "भाषण रस्त्यात कर. रस्ता लांब आहे."

गाडी देणाऱ्या माणसानं सगळी बटणं दाखवली. शेवटी म्हणाला, "सिंकचं आणि आंघोळीचं पाणी खालच्या टाकीत जमतं, मॅडम. भरली की हा व्हॉल्व्ह उघडायचा. मोकळी जागा बघायची आणि सोडून द्यायचं."

"कुठं सोडायचं?"

"कुठंही. सगळे सोडतात."

सगळे सोडतात! हेच वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आमच्या तळ्यावर फेस येतो तो याच वाक्याचा. मी त्याच्याकडून पाना मागून घेतला, व्हॉल्व्हचा दांडा काढला आणि माझ्या पिशवीत टाकला. एक थेंब रस्त्यात पडणार नाही, एवढं जाहीर केलं. साबण, शांपू बंद. केसांना-अंगाला शिकेकाई, भांड्यांना रिठा. आईनं न्हाणीघरातलं संडासाचं भांडं पाहिलं, मग त्याला लागून असलेला ओटा पाहिला. "स्वयंपाकाच्या भिंतीला लागून? नको." भांड्यावर झाकण घालून तिनं त्यावर आमच्या चपलांची पिशवी ठेवली आणि तो विषय कायमचा मिटवला. वाटेत पेट्रोल पंप असतातच.

कुणिगल सोडल्यावर

रहदारीचं वर्णन करत नाही. ती तुमच्या घरासमोरही आहे.

कुणिगलच्या पुढे आम्ही ताटाएवढी तट्टे इडली खाल्ली, वर लोण्याचा गोळा, आणि त्यानंतर मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी ओट्याजवळच्या बाकावर पट्टा बांधून बसले होते. समोर सिंकमागची खिडकी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जन्मभर आम्ही समोरच्या इमारतीच्या स्वयंपाकघराची खिडकी पाहिली. आता तिच्यातून नारळाची बाग गेली. मग कापणी झालेलं नाचणीचं रान. मग एक तळं, खरं तळं, कमळांचं, त्यात कंबरेएवढ्या पाण्यात उभी एक म्हैस, आणि म्हशीच्या पाठीवर बगळा. चहाच्या गाळणीमागून तळं येतं, खडीसाखरेच्या बरणीमागून जातं. खुंटीवरचा पळीवाढ्याचा जुडगा किणकिणतो. घर चाललंय, जग जाग्यावर आहे, की उलट, हे काही वेळानं कळेनासं होतं.

मला संताप आणायचा होता. डिझेल जळत होतं. पण डोळे मिटत होते.

अण्णा गाडी चालवत होता आणि त्याच्या बाजूच्या जोडबाकावर आई अप्पांच्या शेजारी बसली होती. अप्पा मिनिटामिनिटाला विचारत होते, "बरं वाटतंय ना? वारा लागतोय का?" आई म्हणत होती, "सरी आहे," म्हणजे ठीक आहे. त्या 'सरी'त होही नव्हतं आणि नाहीही.

सकलेशपूरच्या वरच्या अंगाला

मार्चमधली एक सर पडून गेली की आठवड्याभरानं कॉफी फुलते. सगळी झुडपं एकदम, ठरवून केल्यासारखी. आम्हाला हे माहीत नव्हतं. घाटाच्या वळणावर अण्णानं काच खाली केली आणि गाडीत मोगऱ्यासारखा, पण मोगऱ्यापेक्षा थंड असा वास शिरला. दोन्ही बाजूंना गर्द सावलीत पांढऱ्या फांद्या, जणू कुणी हिरव्या कापडावर लेस लावत गेलंय. ही उपमा अप्पांची.

आमचा मुक्काम सरोजक्का नावाच्या एका बाईंच्या कॉफीच्या मळ्यात होता. छोटा मळा, कौलारू घर, पुढे कॉफी वाळवायचं सारवलेलं अंगण. हंगाम संपलेला, म्हणून अंगण रिकामं, तिथंच गाडी उभी केली. सरोजक्का कमरेला कोयता लावून आल्या, गाडीभोवती एक फेरी मारून कन्नडमध्ये म्हणाल्या, "घरच घेऊन आलात, मग मी तुम्हाला पाहुणे कसं म्हणू?"

आई म्हणाली, "शेजारी म्हणा."

दोघी हसल्या. गुळाची काळी कॉफी आली. बेंगळुरात आम्ही दुधाच्या फिल्टर कॉफीवर वाढलो. ही कॉफी खोल विहिरीसारखी काळी होती, गार डोंगरात तोंड पोळणारी. धुकं उतरताना आम्ही ती पायरीवर बसून प्यालो. घरची पायरी, घरचे पेले, आणि समोर अनोळखी डोंगर. अप्पांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बुडालं.

त्याचं असं झालं. आई मडी पाळते, म्हणजे सोवळं. आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात नाही. घासून ठेवलेलं भांडं वापरण्याआधी पुन्हा धुवायचं. तांदूळ, डाळ, भाजी सगळं जरा जास्तच पाण्यात. रात्रभर वेगळी वाळवलेली साडी नेसूनच स्वयंपाक. पुढच्या दिवसासाठी धुतलेली अशी साडी तिनं न्हाणीघरात काठीवर टांगली होती, कुणाचा हात लागू नये म्हणून. अण्णा आदल्या संध्याकाळपासून सांगत होता, टाकीचा लाल दिवा लागलाय. मी सांगत होते, सोडायचं नाही.

"मग टाकायचं कुठं?"

"बघू."

तर बघण्याची वेळ आली. आईनं डाळ धुतली, सिंकमध्ये पाणी ओतलं आणि ते पाणी खाली जाण्याऐवजी न्हाणीघराच्या भोकातून वर आलं. आधी बुडबुडे. मग चिंचेचे चोथे, कोथिंबिरीची देठं, भाताची शितं, रिठ्याचा फेस, आमची सगळ्यांची आंघोळ. वाटेत भांड्यावरून घसरून खाली पडलेली चपलांची पिशवी तरंगली. उंबरा ओलांडून पाणी मधल्या वाटेत आलं आणि मडीच्या साडीचा पदर त्यात अलगद उतरला.

आईनं गॅस बंद केला. "झालं," म्हणाली. खाली उतरली आणि अंगणाच्या कठड्यावर आमच्याकडे पाठ करून बसली.

"पुट्टी, दांडा दे," अप्पा म्हणाले.

"नाही."

"अगं, घर बुडतंय!" अण्णा ओरडला. "उतार आहे. आत्ता उघडतो, क्षणात जाईल सगळं."

"उताराखाली ओढा आहे. ओढा हेमावतीत जातो. हेमावती कावेरीत जाते. आणि कावेरी कुठं येते माहितीये? तुझ्या नळाला!"

"तुझं भाषण टाकीला ऐकव. ती आपोआप रिकामी होईल."

मी गाडीखाली व्हॉल्व्हसमोर बसकण मारली. अण्णा घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून वरून बोलत होता, मी खालून. आणि तेवढ्यात मला अप्पा दिसले. ते आम्हा दोघांकडे पाहतच नव्हते. ते आईच्या पाठीकडे पाहत होते. दुकानात कधीकधी गिऱ्हाईक येतं, सगळे तागे उलगडायला लावतं आणि काहीच न घेता उठतं. तेव्हा अप्पा जसे पसरलेल्या कापडावर हात ठेवून उभे राहतात, तसे ते उभे होते.

मी जिंकले होते. आई नाही म्हणणार हे आता अंगणातल्या कोंबड्यांनाही कळलं होतं. मला जिंकायची सवय नाही, त्यामुळे ते कसं वाटतं हे मी पहिल्यांदाच पाहत होते. ते चांगलं वाटत नव्हतं. काल पायरीवर पाहिलेला तो चेहरा मला परत हवा होता.

"अक्का," आईचा आवाज आला. ती सरोजक्कांशी बोलत होती. "तुमच्या परसात केळी आहेत ना?"

"आहेत की. का?"

"खरकटं पाणी चालेल त्यांना?"

सरोजक्कांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साबण किती?"

"साबण कुठला! ही वापरू देते का? नुसता रिठा."

"मग आणा की. केळ काहीही पिते."

आईनं पदर खोचला आणि माझ्याजवळ येऊन वाकली. "ऊठ. दांडा लाव. स्वल्पच उघड, बादलीपुरता."

मग त्या सकाळी आम्ही जे केलं ते कुठल्याही सहलीच्या जाहिरातीत सापडायचं नाही. मी खाली बसून व्हॉल्व्ह उघडत-मिटत होते, अण्णा बादल्या उचलत होता, अप्पा त्या घराला वळसा घालून नेत होते आणि आई केळीच्या आळ्यात ओतत होती. आंबूस चिंचेचा वास आणि कॉफीच्या फुलांचा वास एकमेकांत मिसळून असा काही तिसराच वास तयार झाला होता की मला अजून स्वप्नात येतो. धुकं वर चढत होतं. अप्पा बादली घेऊन धुक्यात शिरायचे, रिकामी घेऊन बाहेर यायचे. आईचा आवाज तेवढा पलीकडून यायचा, "इथं नको, हे आळं भरलं. त्या अळूला घाला. अहो, हळू, मुळं उघडी पडतात!"

मी शेवटची बादली स्वतः नेली. आई केळीखाली उभी होती. पाणी जमिनीत मुरत होतं, वर शितं राहिली होती, आणि कोंबड्या ती टिपत होत्या. ती बघत होती.

"बारावा मजला," ती म्हणाली. "मी भांडी घासते, पाणी भोकातून जातं. कुठं जातं, मला कधी दिसलं नाही. तू ओरडतेस तळ्यात जातं म्हणून. मी म्हणायचे, जात असेल. आज दिसलं, बघ."

मी रिकामी बादली उपडी केली.

"तुझी पत्रकं मी वाचत नाही असं समजू नकोस. वाचते. स्वल्प लांब असतात."

त्या दिवशी तिनं सरोजक्कांच्या न्हाणीघरात, लाकडावर तापवलेल्या तांब्याच्या हंड्यातल्या पाण्यानं आंघोळ केली. साडी नव्यानं धुतली. गाडी आम्ही तिघांनी पुसली, अण्णानं सर्वांत कमी. दुपारी अंगणात बसून अक्की रोट्टी खाल्ली, तांदळाची, हातावर थापलेली, सोबत चुलीत भाजलेल्या वांग्याची चटणी. आमच्या थालीपीठाची ही मलनाडातली, म्हणजे या डोंगरपट्ट्यातली, बहीण. सरोजक्कांनी निघताना आईला केळीचं एक रोप दिलं. "ठेवणार कुठं?" अप्पा म्हणाले. आई म्हणाली, "बघू." कालचं माझंच उत्तर, पण तिच्या तोंडी ते कितीतरी बरं वाटलं. मी आशा धरली. कसली, ते मात्र स्वतःलाही सांगितलं नाही.

भद्रेच्या पाण्याशी

भद्रेच्या धरणामागे पाणी डोंगरांच्या मांड्यांमध्ये शिरून पसरलेलं आहे. काठावरच्या एका शेतकऱ्याच्या बांधाशी आम्ही थांबलो. आधी त्याला विचारलं, इथं वापरलेलं पाणी जिरवायला जागा आहे का? तो म्हणाला, असं विचारणारे तुम्हीच पहिले. त्यानं नारळाची झाडं दाखवली.

गाडीचं दार उघडलं की सरळ पाणी. वाळलेली झाडं त्यात उभीच्या उभी, काळी, फांद्यांसकट, आणि प्रत्येक झाडाखाली उलटं झाड. दूरच्या खडकाळ बेटावरून सुरय पक्ष्यांचा थवा उठायचा, आभाळात चुरगळल्यासारखा व्हायचा, पुन्हा उलगडून बेटावर बसायचा. आई पायरीवर बसली. कुणी काही मागत नव्हतं, दारावरची घंटा वाजत नव्हती. तिनं चपला काढल्या आणि पावलं गवतात ठेवली. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉफी केली. ती वाईट होती. आईनं पूर्ण संपवली.

स्वप्न मोडायला माणसं असतातच. काठावर पुढे आणखी एक अशीच गाडी होती, आमच्याहून मोठी, तिच्या पोटाखालून एक राखाडी ओहोळ थेट पाण्यात चालला होता. मी गेले. काचेवर टकटक केली. आतल्या गृहस्थाला मी तळं, नदी, मासे, पक्षी, त्याची मुलं, माझी न झालेली मुलं, सगळं ऐकवलं. त्यानं सगळं ऐकून काच वर केली.

मी तणतणत परत आले. अण्णा म्हणाला, "झालं समाधान?" आईनं त्याला डोळे दाखवले आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. "आधी जेव. मग पुन्हा जाऊन ओरड. उपाशीपोटी आवाज फाटतो."

जेवून मी पुन्हा गेले. ओहोळ थांबला होता. टाकी संपली म्हणून की माझ्यामुळे, मला माहीत नाही.

ऊन कलताना अप्पा काठावर एकटे सापडले. मी म्हणाले, "विचारा ना आईला."

"नको. गिऱ्हाईक कापड हातात धरून उभं असलं की दुकानदारानं बोलायचं नसतं."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर दुकान आहेच." थोड्या वेळानं म्हणाले, "तू म्हणतेस मी पळतोय. पळायला आधी कुठंतरी जावं लागतं, पुट्टी. मी एका खुर्चीत बसून लोकांच्या लग्नाची अस्तरं मोजली. लग्नं झाली, मुलं झाली, त्या मुलांच्याही शेरवान्यांना बटणं दिली. मला फक्त बघायचंय, हे कपडे घालून लोक जातात तरी कुठं."

पाण्यावर उजेड वितळत होता. मी त्यांच्याशेजारी काठावर बसले.

नेलमंगलाच्या अलीकडे

बेंगळुरात शिरताना वाहनांच्या पहिल्याच रांगेत गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, "भाऊजींना दुकान देऊन टाका."

तिनं मान वळवली नाही. समोरच्या ट्रककडे बघतच म्हणाली. रांग पुढे सरकली, आम्ही सरकलो नाही, मागून हॉर्न सुरू झाले. अण्णाला गिअर सापडेना. अप्पांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा न घालताच बाहेर पाहू लागले.

"पण एक आहे," आई म्हणाली. "पुट्टी येणार नाही."

"मी कुठं येते म्हणाले?" मी म्हणाले.

"म्हणाली नाहीस. पण येताना सबंध रस्ता तू त्या वरच्या बिछान्याकडे बघत होतीस."

खरं होतं. त्या बिछान्यावर मी मनातल्या मनात अंथरूण घातलं होतं. उशाशी छोटी खिडकी, खिडकीत दरवेळी वेगळी नदी. मी, जिनं आईकडून नाही म्हणवून घ्यायला एवढा आटापिटा केला होता!

"मध्येमध्ये येत जा, आठ-पंधरा दिवस," आई म्हणाली. "पण तळं टाकून नको. तू पण आलीस तर तिथं कोण ओरडणार? अण्णा?"

अण्णा म्हणाला, "मी लाइक करीन."

गाडी परत करायच्या आवारात जुन्या गाड्याही विकायला होत्या. अप्पा गाडी भाड्यानं देणाऱ्या त्या माणसाशी इंजिनाबद्दल बोलू लागले. आई मात्र कोपऱ्यातल्या एका पिवळट, बसक्या गाडीत शिरली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. मग ती भराभर उतरली, साडी आवरून चाकाशी उकिडवी बसली आणि सोडलेलं पाणी खाली कुठून बाहेर येतं ते बघू लागली. तिनं अप्पांना हाक मारली. तेही येऊन तिच्याशेजारी बसले.

दोघंही डोकी गाडीखाली घालून काहीतरी दाखवत होती, बोलत होती, हसत होती. काय ते मला ऐकू येत नव्हतं. मी केळीचं रोप हातात घेऊन तिथंच थांबले, जवळ गेले नाही.